ज्याचा टॅग त्यानं काढायचा

आबांनी डिसेंबरात जेवता जेवता "वॅगटेल विकायची" असं जाहीर केलं, तेव्हा पगाऱ्यांच्या घरात कुणाचाच विश्वास बसला नव्हता. फेब्रुवारीतला दुसरा रविवार उजाडला, पुण्याहून गिऱ्हाईक येणार म्हणून लताबाईंनी कपाटातले नवे कप काढले, आणि मग मात्र सगळ्यांचा एकदमच बसला.

त्यांचा मुलगा धम्मपाल साडेसातलाच शेडमध्ये गेला. गाडी विकणं म्हणजे मुलगी दाखवण्यासारखंच, सगळं टापटीप हवं, असं त्याचं मत होतं. वॅगटेल टापटीप होतीच. गर्द हिरवा रंग, लांबच लांब नाक, दोनच सीटा आणि डॅशबोर्डावर पितळी पट्टी: पंचाहत्तरपैकी एक्केचाळीस. जगात एवढ्याच झाल्या. एकलहऱ्याचा प्लांट उभा राहताना आलेल्या एका गोऱ्या इंजिनियरनं ती बोटीनं आणली आणि बंद पडल्यावर टाकून गेला. आबा तेव्हा टर्बाइनवर हेल्पर होते. सायकल विकून आणि सहा महिन्यांचा पगार घालून त्यांनी ती घेतली, तेव्हा अख्खी कॉलनी हसली होती. सावळीरामनं बैल सोडून नुसती कातडी आणली, म्हणाले लोक. तिसऱ्या वर्षी गाडी चालू झाली आणि त्यानंतर पन्नास वर्षांत तिनं रस्त्यात कधी मान टाकली नाही.

आज एकच गोष्ट धम्मपालच्या डोळ्यांना खुपली. स्टिअरिंगला सुतळीनं बांधलेला लाल टॅग. आबांनी ही प्लांटमधली सवय घरी आणली होती. गाडीचं काम चालू असलं की टॅग लावायचा, म्हणजे कुणी चालू करायची नाही. मिक्सर उघडला तरी म्हातारा त्याला टॅग लावायचा. पाहुण्यांसमोर हे म्हणजे नवरीच्या हाताला सलाईनची सुई, असं धम्मपालला वाटलं. त्यानं सुतळी कापली आणि टॅग न वाचता शर्टाच्या खिशात घातला.

हा माणूस चौतीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापलेले कागद तपासतो. केसाएवढी रेघ सरकली तरी त्याला दिसते. पण घरातलं वाचायला त्याला चष्मा लागतो, आणि चष्मा टीव्हीवर राहिला होता.

टॅगच्या आधी त्यानं आणखी एक घोळ घातला होता. फोनवर गिऱ्हाइकानं विचारलं, "मेंटेनन्स कोण करतं?" तेव्हा त्यानं सांगून टाकलं होतं, "मुंबईला, मोठ्या गॅरेजला." एक्क्याऐंशी वर्षांचा फिटर आणि त्याच्या हाताखाली आयटीआय झालेली त्याची नात तेजल, हे सांगून अठ्ठावन्न लाख कोण देणार? गाडीचं जाड रजिस्टर तेवढ्यासाठी त्यानं धान्याच्या कोठीमागं सरकवून ठेवलं.

---

उज्वला दिंडोरीहून दहाला पोचली, ती द्राक्षांची पेटी आणि तयार केलेलं भांडण घेऊनच. ती तिकडच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. साठीला एक वर्ष कमी, पण भावाला बोलताना अजून वर्गात उभी असल्यासारखी बोलते.

"धम्मा, माझी सही लागत असेल तर मी देणार नाही."

"तुझी सही कुठं लागतेय, ताई? गाडी आबांच्या नावावर हाय."

"गाडी कॉलनीची आहे. विचार बाहेर कुणालाही."

तिचं खोटं नव्हतं. ब्याऐंशी साली उज्वला मॅट्रिक झाली, कॉलनीतली पहिली मुलगी. आबांनी तिला डाव्या सीटवर बसवलं, कॉलनीतून स्टेशनपर्यंत नेलं आणि परत आणलं. तिकडच्या रस्त्यावर एकानं विचारलं होतं, "कुण्या साहेबाची गाडी चालवतो रे?" आबा म्हणाले होते, "मी या मॅट्रिक झालेल्या बाईंचा ड्रायव्हर." तेव्हापासून रिवाजच पडला. कॉलनीतलं पोर पास झालं, डिग्री मिळाली, नर्सिंग झालं, की डाव्या सीटवर एक फेरी. फेरीची नोंद रजिस्टरच्या मागच्या पानांवर. लग्नाला गाडी मागायला आलेल्यांना आबा सरळ नाही म्हणायचे. लग्न काय, कुणाचंही होतं, म्हणायचे.

"आई, तू तरी सांग याला," उज्वलानं लताबाईंना आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला.

लताबाई चहाची साखर मोजत होत्या. "मी काय सांगू? विका म्हनते मी. पन्नास वर्सं सवत सांभाळली. माझ्या गुडघ्याला तेल लावायला या मानसाला टाइम नाय, तिला मात्र दर आयतवारी."

"आई!"

"अगं खरंच. आता त्यांचे हात थरथरत्यात. तिला चांगलं घर मिळंल, मला चांगला नवरा मिळंल."

धम्मपाल हसला. आई आपल्याकडं आहे म्हटल्यावर त्याला जोर आला. "पैशातून तेजलच्या नावानं टू बीएचके घेतो. बँकेची परीक्षा निघाली की लग्न."

"तेजलला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? ती म्हणणार, सिन्नर फाट्याला गाळा घ्या, गॅरेज टाकते." तो 'गॅरेज' असं म्हणाला, जसं लोक 'दारू' म्हणतात.

उज्वलानं द्राक्षं धुवायला घेतली. बोलायचं नाही असं ठरवूनही ती बोललीच. "तेजल आयटीआयला ट्रेडमध्ये पहिली आली, तेव्हा फेरी तूच होऊ दिली नाहीस. आबा किल्ली घेऊन उभे होते आणि तू म्हणालास, याची कसली फेरी. कॉलनीत पास होऊन फेरी न मिळालेली ती एकटी आहे, धम्मा. गाडीखाली झोपते, पण त्या सीटवर कधी बसली नाही. मी मरेपर्यंत हे विसरायची नाही."

धम्मपालचा चेहरा पडला. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. चारला येणारे पाहुणे अकरालाच आले होते. "कधीही या, घर तुमचंच आहे," असं धम्मपालच फोनवर म्हणाला होता.

---

ललित कोचर पन्नाशीचे, गोड बोलणारे, पुण्यात अकरा जुन्या गाड्या बाळगून असलेले गृहस्थ. त्यांच्याबरोबर ज्ञानेश नावाचा पारखी. त्याला बोलण्यापेक्षा बघणं आवडायचं. आबा अंघोळीला गेले होते. "त्यांना येऊ दे आधी," असं उज्वला म्हणाली, पण धम्मपालला दम नव्हता.

ज्ञानेश अर्धा तास गाडीभोवती फिरला. बॉनेट उघडून तो एका तांब्याच्या बारीक पाइपपाशी थांबला आणि त्यावरून बोट फिरवलं.

"हा मूळचा नाही. पण वाकवलाय असा, की मूळचाच वाटावा. साहेब, मुंबईचं कुठलं गॅरेज म्हणालात? नाव द्या. असा हात मी दहा वर्षांत पाहिला नाही."

धम्मपालला खोकला आला. उज्वलानं भावाकडं पाहिलं. मुंबईचं गॅरेज? तिला सगळं कळलं, आणि पाहुण्यांसमोर काही बोलता येईना म्हणून ती आतल्या आत जळली.

"चालू करू?" ज्ञानेशनं विचारलं.

"करा की!" धम्मपालनं किल्ली दिली.

वॅगटेल पहिल्या फटक्याला चालू झाली. आवाज जाड, गोल, कुठंही खरखर नाही. ललितसाहेबांनी डोळेच मिटून घेतले. ज्ञानेशनं उजेडात बघायला म्हणून हँडब्रेक सोडला, आणि गाडी शेडच्या उतारावरून रस्त्याकडं निघाली.

त्याच वेळी तेजल स्कूटरवरून कॉलनीच्या वळणावर आली. काल संध्याकाळी तिला मागच्या डाव्या चाकाच्या आत ओल दिसली होती. नखाएवढीच, दुसऱ्या कुणी पुसून सोडून दिली असती. पण गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची, तर तसंच कसं देणार? तिनं सकाळी सहाला ब्रेकचं सगळं ऑइल काढलं, टॅग बांधला, आबांना सांगितलं आणि ती ब्रेकची रबरं आणायला नाशिकच्या द्वारका चौकात गेली. रविवारी दुकानदाराला घरून उठवून आणण्यात तिचा उशीर झाला.

समोर वॅगटेल उतारावरून येत होती. आत परका माणूस, पाय ब्रेकवर, आणि तोंडावर असा भाव की पाय कापसात गेलाय. रस्त्यापलीकडं विहाराची भिंत होती.

"हँडब्रेक!" तेजल ओरडली. "पॅडल सोडा, हँडब्रेक ओढा! वर ओढा!"

ज्ञानेशनं ओढला. तार तिनंच गेल्या महिन्यात बदलली होती. टायर किरकिरले आणि गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. तेजलनं स्कूटर तशीच आडवी टाकली, खिडकीतून हात घालून किल्ली बंद केली. राग त्यानंतर आला.

"स्टिअरिंगवरचा टॅग कुठंय?"

---

आबा ओल्या अंगावर बनियन चढवून, काठी टेकत बाहेर आले. हात थरथरत होते, आवाज नाही.

"टॅग कोणी काढला?"

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. धम्मपालनं खिशातून टॅग काढला तेव्हा त्याला आपण सातवीत असल्यासारखं वाटलं.

"मी, आबा. बरं दिसत नव्हतं."

"वाच."

"आबा, पाहुण्यांसमोर..."

"त्यांच्यासमोरच वाच. मरत व्हता त्यातला एक."

लताबाईंनी न सांगता टीव्हीवरचा चष्मा आणून दिला. धम्मपाल वाचू लागला. "काम चालू आहे. गाडी चालू करू नये. कामाचं स्वरूप: ब्रेक, ऑइल काढलेलं. टॅग लावणार..." इथं तो थांबला. आबांची सही त्याला झोपेतही ओळखता आली असती. ही ती नव्हती. "तेजल धम्मपाल पगारे."

आबा ललितसाहेबांकडं वळले. "साहेब, प्लांटमधला नियम सांगतो. ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा. एकदा मी टॅग तसाच ठेवून जेवायला घरी आलो. चीफ इंजिनियर आला, मशीन तयार, सगळे उभे. त्यानं टॅगला हात लावला नाय. मला आणायला घरी जीप धाडली. हेल्पर मानूस मी. पण टॅग माझा व्हता, तर चीफ इंजिनियर थांबला." ते मुलाकडं वळले. "आन् माझ्याच घरात माझ्या पोरानं कात्रीनं कापला."

ललितसाहेबांचा गोडवा आटला होता. "पगारेसाहेब, तुम्ही तर म्हणाला होतात, मुंबईच्या गॅरेजला..."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. धम्मपालनं चष्मा काढला. "खोटं बोललो. मला वाटलं, पोरगी करते म्हटलं तर तुम्ही यायचेच नाही. चूक माझी आहे. गाडीची नाही आणि तिचीही नाही."

मुख्याध्यापिकाबाईंनी एवढ्या वर्षांत भावाच्या तोंडून असं सरळ वाक्य ऐकलं नव्हतं. उज्वला आत गेली, कोठीमागून रजिस्टर शोधून काढलं आणि ज्ञानेशच्या हातात दिलं. तो गाडीच्या बॉनेटला टेकून पानं उलटू लागला. दोन हजार एकोणीसपासून प्रत्येक कामाखाली एकच सही होती. तांब्याच्या पाइपच्या नोंदीपाशी तो थांबला आणि त्यानं तेजलकडं पाहिलं. आधी तो घाबरलेला होता. आता त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं.

"साहेब," तो ललितना म्हणाला, "मी भिंतीत गेलो असतो, तो टॅग नव्हता म्हणून. आणि वाचलो, तो हिची हँडब्रेकची तार होती म्हणून."

तेजल तोवर गाडीभोवती एक फेरी मारून आली होती. तिनं वडिलांच्या हातातून टॅग घेतला, सुतळीला गाठ मारली आणि तो परत स्टिअरिंगला बांधला.

"गाडी वर ढकलू या. माझं काम दीड तासाचं आहे. तोवर तुम्ही चहा घ्या, आत्यानं द्राक्षं आणलीत. काम झालं की बोलू."

"मी मदत करू का?" ज्ञानेशनं विचारलं.

"नको. तुम्ही फक्त बघा." तिनं बाह्या वर केल्या. "पप्पा, ब्रेकमधली हवा काढायला आत एक माणूस लागतो. बसा."

---

धम्मपाल स्टिअरिंगमागं बसला. टॅग त्याच्या नाकासमोर लोंबत होता. मागं चाकाशी त्याची मुलगी जमिनीवर आडवी झाली होती. आरशात तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

"दाबा."

त्यानं दाबलं.

"धरा. धरा... सोडा. परत दाबा."

सुरुवातीला पाय नुसताच खाली जात होता. किती वेळा दाबलं याची त्याला गणती राहिली नाही. प्रेसमध्ये त्याच्या हाताखाली चौदा माणसं होती, आणि इथं तो 'धरा' म्हटलं की धरत होता, 'सोडा' म्हटलं की सोडत होता. त्याला लाज वाटायला हवी होती. लाज वाटली, पण ती वेगळ्याच गोष्टीची. सात वर्षं तो लोकांना सांगत होता, मुलगी बँकेची तयारी करते.

मग पायाखाली पॅडल हळूहळू जड होत गेलं आणि शेवटी दगडासारखं घट्ट झालं. चाकामागून आवाज आला. "लागला ना ब्रेक?"

"लागला," धम्मपाल म्हणाला. तिला आपला चेहरा दिसत नाही, याचं त्याला बरं वाटलं.

तेजल उठली, हात पुसले, चारही चाकं पुन्हा एकदा बघितली. मग सगळ्यांच्या देखत तिनं स्टिअरिंगवरच्या टॅगची गाठ सोडली आणि टॅग आपल्या खिशात घातला. ललितसाहेबांना शेजारी बसवून तिनं गाडी एकलहऱ्याच्या रस्त्याला नेली. ते परत आले तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते आणि वय दहा वर्षांनी कमी दिसत होतं. तरी धंद्याची सवय जाते थोडीच.

"गाडी पसंत आहे," ते आबांना म्हणाले. "पण कसंय, नावाजलेल्या गॅरेजचे कागद नाहीत. पाच कमी करू या."

धम्मपालनं तोंड उघडलं, पण आबांची काठी आडवी आली. "मला नका विचारू. टॅग कोणाचा व्हता? भाव तीच सांगंल."

सगळे तेजलकडं बघू लागले. उज्वलाला एकदम आपली मॅट्रिकची फेरी आठवली. लताबाईंनी चहाचा ट्रे हातातच धरून ठेवला.

"अठ्ठावन्न," तेजल म्हणाली. "कागद तुमच्या हातात आहेत, पन्नास वर्षांचे. मुंबईचं गॅरेज असतं, तर काल दिसलेली ओल पुसून तुम्हाला गाडी दिली असती. मी ब्रेक उघडला, कारण गाडी तुम्ही चालवणार होता. परवडत नसेल तर राग नाही. द्राक्षं खाऊन जा."

लताबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात लपवलं नाही. ज्ञानेशनं साहेबांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. ललितसाहेबांनी पितळी पट्टीकडं एकदा पाहिलं.

"अठ्ठावन्न," ते म्हणाले. "पण गाडीचं काम यापुढंही तुम्हीच करायचं. आणि माझ्याकडं आणखी दोन आहेत, ज्यांना कुणी नीट हात लावत नाही. त्या कुठं पाठवायच्या?"

तेजलनं वडिलांकडं पाहिलं.

धम्मपाल पुढं आला. "पत्ता नंतर कळवतो, साहेब. गाडी तुम्ही न्या, पण अर्धा तास थांबा. एक फेरी राहिलीय."

त्यानं रजिस्टर उघडलं. मागच्या पानांवर उज्वलाचं नाव पहिलं होतं आणि त्याखाली अख्खी कॉलनी. दोन हजार अठराच्या जूनमध्ये दोन नावांच्या मधे आबांनी एक ओळ कोरी सोडून ठेवली होती. सात वर्षं ती तशीच होती. धम्मपालनं चष्मा लावला आणि प्रेसमधल्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं: तेजल धम्मपाल पगारे, आयटीआय, मोटार मेकॅनिक, पहिली.

आबांनी वाकून पाहिलं, पण त्यांना नीट दिसलं नाही. "काय लिवलं?" त्यांनी विचारलं. उज्वलानं मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि नातीला डाव्या बाजूचं दार स्वतः उघडून दिलं.

तेजल बसली. या बाजूनं गाडी तिला परकी वाटली. समोर स्टिअरिंग नव्हतं आणि हात कुठं ठेवावेत कळेना. तिनं ते मांडीवर ठेवले. नखांत काळं तेल होतं. वडील शेजारी येऊन बसले.

"स्टेशनला जाऊन परत ना?" तिनं विचारलं. "तोच रस्ता."

"आधी सिन्नर फाट्याला. तुझा तो गाळा दाखव."

तिनं चटकन तोंड खिडकीकडं फिरवलं. धम्मपालनं किल्लीला हात घातला आणि तो तसाच थांबला.

"टॅग?"

"काढलाय, पप्पा. मीच काढलाय."

"मग करू चालू?"

"करा," तेजल म्हणाली, आणि धम्मपालनं किल्ली फिरवली.